२२ मिनिटांच्या फिल्मचं साउंड, आणि पुढे कोर्स, बूम की एडिट रूम?

कानोसा
नमस्कार. बी.एस्सी. फिजिक्स, शेवटचं वर्ष, नाशिक. साउंड डिझाइनमध्येच जायचं ठरलंय. सध्या २२ मिनिटांची मराठी शॉर्टफिल्म हातात आहे. सिंक साउंड (शूटवरच घेतलेला आवाज), एक बूम (काठीवरचा माइक), दोन लॅव्ह (कपड्यात लपवलेले छोटे माइक), एप्रिलमधलं शूट, वाडा आणि मळा. एडिटरची एएएफ (त्याच्या टाइमलाइनवरचे आवाज देणारी फाइल) आणि व्हिडिओ उघडला की सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटच्या सीनला आवाज सव्वा सेकंद मागे पडलेला असतो. मळ्यातल्या सीनमध्ये कोकीळ काही शॉटमध्ये आहे, काहींत नाही, त्यामुळे प्रत्येक कट ऐकू येतो. नायिकेच्या लॅव्हवर बारीक टिकटिकही आहे. फिल्म आधी फेस्टिवलला थिएटरात, मग यूट्यूबवर जाणार.
आणि मोठा प्रश्न: एफटीआयआयची (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची) तयारी करावी, मुंबईत बूम धरायला जावं, की एखाद्या स्टुडिओत असिस्टंट म्हणून बसावं?

टूपॉप
सव्वा सेकंद या आकड्यातच उत्तर आहे. २२ मिनिटं म्हणजे १३२० सेकंद, त्याचा ०.१ टक्का १.३ सेकंद. सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं चित्र तुमच्याकडे २४ समजून चालतंय. २४ आणि २५ चा घोळ असता तर फरक चार टक्के, म्हणजे शेवटी ५० सेकंदांच्या वर गेला असता. ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झचा असता तर पात्रांची पट्टीच बदललेली ऐकू आली असती. पुढेही हेच लक्षात ठेवा: फरक हळूहळू वाढतो तेव्हा रेट चुकलाय, पहिल्यापासून तेवढाच असतो तेव्हा सुरुवात सरकलीये, आणि एखाद्याच शॉटमध्ये असतो तेव्हा तिथला क्लॅप चुकीचा जुळवलाय.

आवाज ताणून जुळवायच्या फंदात पडू नका. चूक चित्राच्या बाजूला आहे, शिवाय ताणलेला संवाद घोगरा होतो. एडिटरला तीन गोष्टी विचारा: कॅमेरा कितीवर होता, टाइमलाइन कितीवर आहे, एक्सपोर्ट कितीवर झालं. तिन्ही ठिकाणी २३.९७६ असेल तर तुमचं सेशनही २३.९७६ वरच उघडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. डीसीपी (थिएटरात चालणारी फाइल) २४ वर बनतो. तिथे चित्र आणि आवाज दोन्ही मिळून ०.१ टक्का वेगात जातात, ते लॅबला आधी सांगून ठेवायचं.

मग नवी डिलिव्हरी लेखी मागा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची एएएफ, प्रत्येक क्लिपला मागेपुढे किमान ५ सेकंद हँडल (कटच्या बाहेरचा जादा आवाज), एडिटरने लावलेले इफेक्ट आवाजात कायमचे न मिसळता. सोबत रेकॉर्डरच्या मूळ पॉली वेव्ह फाइल (प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर असलेल्या), साउंड रिपोर्ट आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळ-क्रमांक) छापलेला व्हिडिओ. फिल्मची पहिली फ्रेम ०१:००:००:०० वर, त्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर १ किलोहर्ट्झचा पॉप (खुणेचा ‘बीप’), आणि शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी दुसरा. शेपटीचा पॉप असता तर हा घोळ पाच मिनिटांत सापडला असता. लोक तो मागायचाच विसरतात.

मळ्यातला_माइक
कोकीळ काढायच्या मागे लागू नका, उलट घाला. तिची हाक संवादाच्याच फ्रिक्वेन्सीत येते, ती खरवडली तर शब्दही जातात. आधी संवाद कॅमेरा अँगलप्रमाणे वेगवेगळ्या ट्रॅकवर पसरा. हँडलमधून त्या त्या अँगलचा रिकामा टोन (कोणी बोलत नसतानाचा जागेचा आवाज) ओढून ४ ते १२ फ्रेमचे क्रॉसफेड (एक उतरत दुसरा चढणारे सांधे) द्या. टोन आपसात बसले की वर सलग ॲम्बियन्स (परिसराचा आवाज) टाका, त्यात कोकीळ तुम्हाला हवी तिथे. कटवर अर्धी तुटलेली हाक असेल तर त्याच पक्ष्याची उरलेली हाक ॲम्बियन्सच्या ट्रॅकवर पुरी करा, कट गिळला जातो. एखाद्या शब्दावरच हाक आपटली असेल तर तो शब्द दुसऱ्या टेकमधून आणायचा. न निवडलेल्या टेकचे संवाद म्हणूनच लागतात, मूळ फाइल मागायचं तेही एक कारण.

ॲम्बियन्स त्याच मळ्यात, सीनच्या वेळेला, माणसं हलवून सलग ५ मिनिटं घ्या. पावसाळ्यात गेलात तर बेडूक आणि ओली पानं मिळतील, ती एप्रिलला चालत नाहीत. परदेशी लायब्ररीतली ‘रात्र’ तर नकोच. नाशिकच्या मळ्यात भलत्याच खंडाचे किडे ओरडतात आणि गावाकडच्या प्रेक्षकाला ते लगेच खटकतं.

टिकटिक बहुतेक मंगळसूत्राची. जिथे बूम बरा आहे तिथे लॅव्ह सरळ बंद करा. नाइलाज असेल तर डी-क्लिक (टिकटिक पुसणारं सॉफ्टवेअर) फक्त त्या टिकेवर चालवा. अख्ख्या क्लिपवर चालवलात तर ‘ट’, ‘क’, ‘प’ बोथट होतात. बूम आणि लॅव्ह एकत्र उघडे ठेवायचे असतील तर आधी सरकवून जुळवा: एक मीटर अंतराला साधारण ३ मिलिसेकंदांचा उशीर असतो आणि तेवढ्यानेही आवाज पोकळ होतो. पुढच्या शूटला मंगळसूत्र दुहेरी टेपने आतून चिकटवायचं, वेशभूषावाल्यांना आधी विचारून. वाड्यात इन्व्हर्टर किंवा फ्रिजची घुरघुर आली असेल तर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी, १००, १५०, इतकंच अरुंद कापा. डीनॉइझ (गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर) एका दमात २० डीबी नको, ६-६ डीबीचे दोन हात द्या.

फोलीत (चित्र पाहून हालचालींचे आवाज करण्याच्या कामात) साडीची सळसळ, काचेच्या बांगड्या, शहाबादी फरशीवरची अनवाणी पावलं हे सगळं नव्याने रेकॉर्ड करा. नव्या कोल्हापुरीची करकर ऐटबाज पात्राला शोभते. म्हाताऱ्याच्या पायात झिजलेली हवी.

फेडरवाली
करिअरबद्दल. आधी हे ठरवा की यातलं नेमकं कोणतं काम हवंय, कारण ‘साउंड’ हा एक धंदा नाही. ‘लगान’साठी २००१ चा राष्ट्रीय पुरस्कार नकुल कामटे आणि एच. श्रीधर यांना मिळून होता, तेव्हा ऑडिओग्राफी हा एकच विभाग होता. २००९ ते २०२१ च्या चित्रपटांसाठी त्याचे तीन भाग होते: लोकेशन रेकॉर्डिस्ट, साउंड डिझायनर आणि अंतिम मिक्स करणारा री-रेकॉर्डिस्ट. रसूल पूकुट्टी यांचं ‘स्लमडॉग मिलियनेर’साठीचं ऑस्करही लोक साउंड डिझाइनचं समजतात. २००९ चं ते पारितोषिक साउंड मिक्सिंगचं होतं आणि इयान टॅप, रिचर्ड प्राइक यांच्यासोबतचं. मुंबईतल्या शूटिंगचा लोकेशन आवाज पूकुट्टींचा. ते एफटीआयआयचेच, १९९५ चे पदवीधर. म्हणजे तिथून त्या मंचापर्यंत १४ वर्षं.

एफटीआयआय किंवा कोलकात्याच्या एसआरएफटीआय या तशाच संस्थेचा फायदा डिप्लोम्याच्या कागदात कमी आहे. कॅमेरा, एडिटिंग आणि दिग्दर्शनाची मुलं बरोबर शिकतात, पुढची कामं त्यांच्याकडूनच येतात. तुमचं फिजिक्स तिथे कामाला येईलच. पण फक्त प्रवेशाच्या भरवशावर वर्ष रिकामं घालवू नका, जागा थोड्या असतात.

माझं मत: आधी संवाद एडिट करायला बसा. बूम धरणाऱ्याला सेट कळतो, पण आपल्या आवाजाचं पुढे काय होतं ते दिसत नाही. संवाद एडिट करणाऱ्याला प्रत्येक लोकेशनवाल्याची चूक रोज ऐकावी लागते. ते शिक्षण कुठल्याच वर्गात मिळत नाही. इफेक्ट्सचं काम दिसायला आकर्षक, म्हणून तिथे गर्दी. चांगला संवाद एडिटर मात्र सगळ्यांना हवा असतो.

पैशांचं आधीच लिहून घ्या. करारात ‘पिक्चर लॉक’ची (त्यानंतर कट बदलायचा नाही अशी) तारीख असावी आणि लॉक मोडलं तर नव्या कटप्रमाणे सगळे ट्रॅक हलवण्याचे पैसे वेगळे, हे स्पष्ट असावं. शेवटचा हप्ता फायनल मिक्स हातात देण्याआधी.

मळ्यातला_माइक
फेडरवाली, बूमबद्दल तेवढं पटलं नाही. सहा महिने तरी सेटवर काढावेत. जनरेटर कुठे लावायला सांगायचा, पंखा कधी बंद करायचा, दिग्दर्शक घाईत असताना रूम टोनचे ३० सेकंद कसे मागायचे, हे एडिट रूममध्ये कळत नाही.

कानोसा
सगळ्यांचे आभार. २३.९७६ वर उघडल्यावर शेवटपर्यंत जुळलं. मिक्स घरीच करणार आहे, खोली १० बाय १२. थिएटरसाठी काय पाळू?

एक्स_कर्व्ह
आधी स्पीकरची पातळी लावा: पिंक नॉइज (चाचणीचा सळसळता आवाज) उणे २० डीबीएफएस आरएमएसवर (फाइलमधली सरासरी पातळी), एका वेळी एकच स्पीकर, खोलीतला आवाज मोजणारं मीटर सी-वेटिंग आणि स्लोवर. थिएटरात पुढच्या प्रत्येक स्पीकरला ८५ डीबी हे मानक आहे. तुमच्या खोलीत ७६ ते ७९ ठेवा आणि नॉबवर टेप लावा. एवढ्या खोलीत ८५ वर बसलात तर सगळं मोठं वाटतं, तुम्ही फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेता आणि थिएटरात संवाद बुडतात. मोठ्या थिएटरची यंत्रणा २ किलोहर्ट्झच्या वर दर सप्तकाला ३ डीबी उतरत जाते, म्हणून घरच्या स्पीकरवर टोचणारा ‘स’ तिथे गुळमुळीत होतो. हेडफोनवर ईक्यू (जाड-बारीक आवाजाचा समतोल) ठरवू नका. शेवटचा दिवस तरी कॅलिब्रेट केलेल्या मिक्स रूममध्ये भाड्याने घ्या.

५.१ करत असाल तर संवाद सेंटरलाच. संवाद, संगीत आणि इफेक्ट्स असे तीन स्टेम वेगळे काढा. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला वाटणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) उतरवतं, पण लहान आवाज चढवत नाही. थिएटरचा मिक्स तसाच अपलोड केलात तर मोबाइलवर कुजबुज ऐकू येणार नाही. त्यासाठी स्टेमवरून वेगळा स्टीरिओ करा, संवाद थोडे कॉम्प्रेस करून, उणे १६ ते उणे १४ च्या दरम्यान, ट्रू पीक (आवाजाचं सर्वात वरचं टोक) उणे १.

आणि फेस्टिवलच्या टेक-चेकला प्रोजेक्शनवाल्यांना साउंड प्रोसेसरचा फेडर ७ वर, म्हणजे मानक पातळीवर, ठेवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी तो आधीच्या कर्कश जाहिरातींमुळे ५ च्या आसपास असतो.