कमिटीवर नसताना पार्किंगची आखणी कशी करून घ्यायची?

ए-५०३ : दुचाकी पार्किंगची नवी आखणी करायला पुढाकार घ्यायला तयार आहे, पण मी सोसायटीच्या कमिटीवर नाही. ग्रुपवर मेसेज टाकला की वीस अंगठे येतात आणि शनिवारी खाली कोणी फिरकत नाही. पद नसताना काम कसं करून घ्यायचं?

बी-१०२ : अंगठा म्हणजे 'वाचलं', 'येतो' नव्हे. तुमचा मेसेज होता, "सर्वांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती." 'सर्वांनी' म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी जाईल. डार्ली आणि लातने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग यावरच आहे. फिट आलेल्या माणसाचा आवाज आपल्या एकट्यालाच ऐकू येतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के वेळेत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटल्यावर ३१ टक्केच. म्हणून एक माणूस, एक काम, वेळ ठरवून, आणि तेही खासगी मेसेजमध्ये : "काका, शनिवारी सकाळी ९ ला टेप घेऊन खाली याल का? खांब ४ ते ९ मधलं अंतर मोजायचंय. अर्धा तास लागेल." याला सरळ 'नाही जमणार' म्हणता येतं, त्यामुळे 'हो' आलं तर माणूस येतो.

ए-७०४ : मेसेजच्या आधी यादी हवी. तीन रकाने : कोणाची जागा जाणार, कोणाची सोय होणार, कोणाला काहीच फरक नाही. सुरुवात पहिल्या रकान्यापासून. बहुतेक जण उलटं करतात, होकार देणाऱ्यांकडे आधी जातात. दहा होकार जमतात आणि ज्याची जागा जाते त्याला सगळ्यात शेवटी कळतं. मग त्याचा राग आराखड्यावर नसतो, आपल्याला विचारलं नाही यावर असतो. त्याच्याकडे तयार आराखडा नेऊच नका. खांब, रॅम्प, मीटरचे बॉक्स एवढंच काढलेला नकाशा न्या, गाड्यांच्या जागा कोऱ्या. पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि विचारा, "तुमची गाडी कुठे असली तर चालेल?" "पटतंय ना?" असं विचारलंत तर तोंडदेखलं 'हो' मिळेल.

सी-२०१ : आणि जो ऐकूनच घेत नाही त्याचं काय?

बी-१०२ : तो कोणाचं ऐकतो ते बघा. प्रत्येक इमारतीत एक-दोघं असतात, पद नाही, पण प्लंबर कोणता बोलवायचा हे लोक त्यांनाच विचारतात. ग्रुपवर भरभरून लिहिणारे ते सहसा नसतात (माझ्यासकट). फ्रेंच आणि रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रभावाचे पाच आधार मांडले : पद, बक्षीस, शिक्षा, जाणकारी आणि त्या माणसाविषयीचा आदर. पहिले तीन तुमच्याकडे नाहीत. आदर महिन्याभरात मिळत नाही. राहिली जाणकारी, ती दोन दिवसांत कमावता येते. दुचाकीला साधारण १ मीटर बाय २ मीटर जागा धरतात. त्या हिशोबाने खांबांमध्ये किती गाड्या बसतात ते मोजून कागदावर आणा. मग "मला वाटतं"वाले वाद निम्मे होतात.

सी-२०१ : सरळ "सेक्रेटरींनी सांगितलंय" म्हटलं तर काम लवकर होईल की.

ए-७०४ : एकदाच होईल. कोणीतरी त्यांना फोन लावतोच, आणि मग तुमचं प्रत्येक वाक्य लोक पडताळून बघतात. त्यापेक्षा कमिटीकडून एक ओळ लेखी घ्या : तीन आठवड्यांच्या प्रायोगिक आखणीस हरकत नाही. 'कायमची' म्हटलं की लोक बिथरतात. रेषा खडूने मारा, रंगाने नाही. रंग दिसला की ठरवून टाकलंय असं वाटतं. शेवटची तारीख नोटिशीवर लिहा आणि त्या दिवशी खरंच आढावा घ्या, नाहीतर पुढच्या वेळी 'प्रायोगिक' म्हटलेलं कोणी मानणार नाही.

बी-१०२ : मीटिंगमध्ये पहिलं बोलणं तुमचं नको. जागा सोडायला तयार झालेल्याला बोलू द्या. अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर देत असले की माणूस बऱ्याचदा त्यांच्यामागे जायचा. पण एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, की तोही बहुतेक वेळा आपल्या मतावर टिकायचा. हे विरोधकालाही तितकंच लागू आहे, म्हणून हरकती मीटिंगआधीच कळल्या पाहिजेत. आणि कोणाच्या हरकतीमुळे बदल झाला तर तो त्याच्या नावावर लिहा : "रॅम्पजवळची जागा मोकळी, सूचना सी-२०१."

सी-२०१ : मी अजून सूचना केलेलीच नाही! पण रॅम्पजवळ दोन गाड्या अडतात हे खरं.

ए-७०४ : एक मात्र लक्षात ठेवा. अग्निशमन गाडीचा रस्ता, दंड आणि जागेचा हक्क या तीन गोष्टी तुम्ही पटवायला जाऊ नका. तिथे निर्णय कमिटीचाच, तोही लेखी. कोणी मुद्दाम रस्त्यात गाडी लावली तर फोटो ग्रुपवर टाकू नका. कमिटीला पाठवा आणि बाजूला व्हा. चारचौघांत नाव निघालं की तो माणूस गाडी हलवत नाही, भांडतो.

ए-५०३ : ठीक. पहिल्या रकान्यात सहा घरं आहेत, आजपासून एकेकाकडे जातो. सी-२०१, साडेसातला दहा मिनिटं मिळतील का?

सी-२०१ : आठला या. मीटरच्या बॉक्ससमोर मीटरभर जागा मोकळी लागते, तेवढी नकाशात आधीच काढून आणा.