‘झोपला होतात का?’ – ‘छे, जरा पडले होते’ : विसावा, आराम, चैन आणि ती टोचणी

दुपारी तीनला कुणाला फोन केला आणि आवाज जड लागला, की आपण विचारतो, "झोपला होतात का?" उत्तर ठरलेलं असतं : "छे छे, जरा पडले होते." माझी आई हेच म्हणते, सासूबाई हेच म्हणतात. गेल्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली, तरी मीसुद्धा तेच म्हणते. परवा तर शेजारच्या काकूंनी बेल वाजवली तेव्हा मी उशीवरच्या खुणा गालावर असताना "जागीच होते" म्हणाले. नंतर माझं मलाच कसंतरी झालं. खोटं कशासाठी बोलले मी?

तेव्हापासून हे शब्द डोक्यात घोळताहेत. आपल्याकडे विश्रांतीला शब्द कमी नाहीत. आडवं होणं, कलंडणं, लवंडणं, पाठ टेकणं, अंग टाकणं, डोळा लागणं, डुलकी, वामकुक्षी. पण बोलताना यांच्याआधी ‘जरा’, ‘घटकाभर’, ‘उगीच थोडंसं’ असं काहीतरी लागतंच. "मी दोन तास झोपले" असं सरळ वाक्य घरात कुणी बाई बोलल्याचं मला आठवत नाही. आणि ‘बसल्या बसल्या’ हा शब्द बघा. बसल्या बसल्या वाती वळते, बसल्या बसल्या शेंगा सोलते. बसणं हेसुद्धा रिकामं राहू द्यायचं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. विश्रांती, विसावा, आराम यांत तुम्ही फरक करता का? आणि आडवं झाल्यावर मनात जे येतं, ज्याला माझी मुलगी ‘गिल्टी वाटतं’ म्हणते, त्याला मराठीत नेमकं काय म्हणाल?

प्रतिसाद, नाशिकहून :

ताई, आधी लवकर बऱ्या व्हा.

‘विश्रांती’ आणि ‘विसावा’ एकाच घरातले. दोन्हींच्या पोटात ‘श्रम’ आहे. संस्कृत ‘विश्राम’पासून प्राकृतातून येता येता ‘विसावा’ झाला. ‘ग्राम’चं गाव आणि ‘नाम’चं नाव झालं, तसाच इथेही ‘म’चा ‘व’ झालाय. म्हणजे श्रम झाल्याशिवाय हा शब्द उच्चारताच येत नाही. तुम्ही ‘विसावले’ म्हणालात की आधी काम केलं हे त्यात आलंच, वेगळा पुरावा द्यायला नको.

‘आराम’ फारसीतून आला. आपण तो बऱ्याच कामांना लावला : आरामखुर्ची, एसटीची निमआराम गाडी, आजाऱ्याला विचारतो ते "आता आराम आहे का?" पण याच्या नशिबी ‘हराम’शी यमक आलं. ‘आराम हराम है’ ही नेहरूंच्या काळातली घोषणा आमच्या वडिलांच्या पिढीने इतकी ऐकली, की रविवारी उशिरा उठलो तर तेवढंच वाक्य कानावर पडायचं.

खरी गंमत ‘चैन’ची. हिंदीत चैन म्हणजे मनाची शांती. मराठीतही ‘चैन पडत नाही’, ‘बेचैन’ यांत तोच अर्थ शिल्लक आहे. पण ‘चैन करणे’ म्हटलं की आपल्याला दिसते उधळपट्टी. ‘चैनीच्या वस्तू’ म्हणजे ज्यांच्यावाचून भागतं त्या. जीवाला मिळणाऱ्या शांतीचा शब्द आपण खर्चाच्या बाजूला लिहून टाकला. मला वाटतं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथे कुठेतरी आहे.

प्रतिसाद, यवतमाळकडून :

‘जरा पडले होते’ वाचलं आणि शेत आठवलं. आमच्याकडे एखाद्या वर्षी वावर पेरत नाही, त्याला ‘पड’ ठेवणं म्हणतात. पड जमीन मेलेली नसते, ती ताकद धरत असते. पड पाडल्याबद्दल कुणी शेतकरी वावरावर रागावत नाही.

बैलाचंही तसंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बाकी महाराष्ट्रात बहुतेक खांदमळणी म्हणतात. जुवाखाली घासलेला बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकायचा, तूप-हळद लावायची आणि त्याला सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही, जेवायला पुरणपोळी. माझ्या आजीने आयुष्यभर बैलांचे खांदे शेकले. तिचे खांदे कुणी शेकल्याचं मी पाहिलं नाही. हे लिहिताना आता फार वाईट वाटतंय.

प्रतिसाद, म्हापशाहून :

विसावा आणि ओझं यांचं नातं बघायचं तर गोव्यात अजून काही ठिकाणी ‘दवरणें’ उभी आहेत. कोकणीत ‘दवरप’ म्हणजे ठेवणं. वाटेच्या कडेला जांभ्या दगडाचा खांद्याइतका उंच चौथरा. डोक्यावर ओझं घेऊन बाजाराला निघालेल्या माणसाला खाली वाकावं लागू नये, उचलायला दुसरा हात शोधावा लागू नये, म्हणून ही उंची. ओझं सरळ सरकवायचं, मान मोकळी करायची, पुन्हा डोक्यावर घ्यायचं. बरीच दवरणीं कुणा गेलेल्या माणसाच्या आठवणीत घरच्यांनी बांधलेली आहेत. दुसऱ्याला दोन मिनिटं थांबता यावं हे पुण्यकर्म मानलं जायचं.

आणि ‘सुशेगाद’बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. हा पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून आला, अर्थ शांत, निवांत. पर्यटकांनी त्याचा ‘आळशी’ करून टाकला. पहाटे मानशीवर (शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) जाणारा, दुपारी जेवून पडणारा, संध्याकाळी पुन्हा शेतात उतरणारा माणूस आळशी कसा?

प्रतिसाद, परळमधून :

माझे आजोबा गिरणीत होते, म्हणून एक आठवण. आपण ‘हक्काची सुट्टी’ म्हणतो, त्यातला ‘हक्क’ फुकट मिळालेला नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्यांत आठवड्याची रविवारची सुट्टी होती, आणि दुपारी अर्धा तास विश्रांतीही. रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडला. त्याआधी गिरणीत दिवस उजेडाने मोजला जायचा, सूर्य उगवला की काम, मावळला की सुटका. त्या अर्ध्या तासासाठी माणसांनी अंगठे उठवलेत. मी दुपारी झोपतो तेव्हा लाजत नाही.

प्रतिसाद, सोलापूरहून :

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहिते.

‘अपराधीपणा’ चालेल, पण त्यात अपराध झालाय हे आधीच कबूल होतं. ‘पश्चात्ताप’ त्याहून जड. ‘रुखरुख’ राहून गेलेल्या गोष्टीची असते : शेवटची भेट झाली नाही, याची रुखरुख. ‘चुटपुट’ तिचीच धाकटी बहीण. ‘हळहळ’ दुसऱ्याच्या नुकसानीवरही होते. ‘ओशाळणं’ जवळचं वाटतं, पण ओशाळायला समोर कुणीतरी लागतं. काकूंनी बेल वाजवली तेव्हा तुम्ही ओशाळलात. पण घरात कुणी नसताना, दार बंद असताना, सिंकमधली दोन भांडी डोळ्यांसमोर येतात आणि डोळा लागत नाही, ते काय?

मी त्याला ‘टोचणी’ म्हणेन. काटा टोचायला गुन्हा करावा लागत नाही, नुसतं चालावं लागतं. आणि टोचलं म्हणजे आपण चुकलो असं सिद्ध होत नाही, एवढी सोय या शब्दात आहे. टोचणी लागली की आधी काटा कुणाचा ते बघावं. माझ्या बाबतीत तो बहुतेक वेळा ‘रिकामटेकडी’ या शब्दाचा निघतो. लहानपणी पुस्तक घेऊन लोळत पडले की आत्या हाक मारायच्या, ती याच नावाने.

प्रतिसाद, पुन्हा नाशिकहून :

‘टोचणी’ पटला. एक व्याकरणाचं सुचलं ते जोडतो. आराम ‘करावा’ लागतो, विश्रांती ‘घ्यावी’ लागते. विसावणं मात्र नुसतं होतं. पाखरू फांदीवर विसावतं, नजर डोंगरावर विसावते. त्यात करण्याघेण्याचा हिशोब नाही. वारीच्या वेळापत्रकातही पाहा, सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, मग मुक्काम, असं चक्क छापलेलं असतं. पालखी विसाव्याला थांबली म्हणून वारी खोळंबली असं कुणी म्हणत नाही. तो चालण्याचाच भाग धरलेला आहे.

(अंत्ययात्रेत वाटेवर तिरडी टेकवतात त्या जागेलाही विसावाच म्हणतात. त्यामुळे काही घरांत आजाऱ्यापुढे हा शब्द टाळतात. मला मात्र त्यातही तोच जुना अर्थ दिसतो, खांदा देणाऱ्यांनी क्षणभर भार उतरवण्याचा.)

धागा सुरू करणारी :

सगळ्यांचे मनापासून आभार. यवतमाळच्या दादांचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री तेल कोमट करून माझ्याकडे आल्या. मी त्यांना म्हटलं, आधी तुमचे खांदे.

तुमच्या चर्चेत ‘घटकाभर’ राहिला होता, तो मी पाहिला. दिवसाच्या साठ घटका, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. वामकुक्षीला नेमका पुरेल एवढा वेळ! तेव्हा ‘घटकाभर पडते’ हे मी आता सबब म्हणून नाही, माप म्हणून म्हणणार आहे. डॉक्टरांनी सांगितलेले सहा आठवडे घटकांत मोजले तर 2520 होतात. अजून बऱ्याच बाकी आहेत.

आईला साताऱ्याला फोन करून विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात गं? ती म्हणाली, विसावा नाही, ‘इसावा’. भरदुपारी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येताना तिची आजी तिला हाक मारायची :

"ठिव तो भारा. वाईच इसावा घे."