मदत हवी आहे : एंडोमेट्रिओसिस आणि एनके पेशींची रक्ततपासणी
माझ्या बहिणीला लॅपरोस्कोपीत (पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे, निदान झाले असून, सहा महिने रोज 2 मिलिग्रॅम डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी घेऊनही तिला रात्री गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरूनच झोपावे लागते. पाळीचे रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात उतरणे बहुतेक स्त्रियांत घडते, मात्र आजार साधारण 10 टक्के जणींनाच होतो. त्या रक्तासोबत पोटात आलेल्या अस्तराच्या पेशी नष्ट करणाऱ्या एनके (नॅचरल किलर) या प्रतिकारपेशी मंदावणे आणि मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रतिकारपेशींनी उलट दाह वाढवणे, हे त्यामागचे एक कारण मानले जाते, एवढे मी वाचले आहे. तिला थायरॉइडचा किंवा संधिवाताचा त्रास नाही, तूर्त गर्भधारणेचा विचारही नाही. आता एनके पेशींची रक्ततपासणी सुचवली आहे. या पेशींचा बिघाड मुख्यतः पोटातील द्रवात असताना, रक्तातील आकड्यावरून उपचारात नेमका कोणता बदल होऊ शकतो?