‘खेड्यात कुठला आला कन्सोल?’ : एका लेखाला उत्तर

राळेगावकर (धागा सुरू करणारा)

गेल्या आठवड्यात येथे ‘चाळिशीतले गेमर’ या मथळ्याचा लेख आला होता. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी सार सांगतो. खेड्यात लहानपणी कन्सोल (टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र) होता असे सांगणारे लोक शहरवाल्यांच्या आठवणी उसन्या घेऊन मिरवतात, आणि ज्याच्या वावरात डवरणी खोळंबली आहे त्याने हाती कंट्रोलर धरावा ही लाजेची गोष्ट आहे, असे लेखकाचे म्हणणे. उत्तर देणार नव्हतो, पण आठ दिवस झाले तरी ते डोक्यातून जाईना.

1994 साली कापसाचा चुकारा हाती आल्यावर माझ्या मामांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून व्हिडिओ गेम आणला. जपानमध्ये 1983 साली निघालेल्या फॅमिकॉम या कन्सोलची ती नक्कल होती हे मला फार उशिरा कळले. आमच्या लेखी तो ‘गेम’ आणि त्यात खोचायची ती ‘कॅसेट’. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर लावायची, चॅनेल जुळवत बसायचे, आणि पडद्यावरच्या मुंग्यांतून मारिओची लाल टोपी दिसू लागली की ओसरीवर ताटकळलेली पोरे एकदम आत घुसत. कॅसेटवर 9999 खेळ छापलेले असत. मोजून पंधरा-वीस निघत, बाकीचे म्हणजे तेच खेळ दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे. गावात अशा सहा कॅसेटी होत्या आणि कोणती कोणाच्या घरी आहे हे पोस्टमनलाही ठाऊक असे. ‘कॉन्ट्रा’ या खेळात 30 जीव मिळवून देणारी बटणांची ओळ मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवली होती. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे, त्यामुळे ए आणि बी ही अक्षरे मी शाळेच्या आधी गेमच्या रिमोटवर, म्हणजे कंट्रोलरवर, वाचली. आता सांगा, ही आठवण मी कोणाकडून उसनी आणली?

राहिली लाजेची गोष्ट. चार वर्षांपूर्वी सोयाबीनच्या पैशातून मी नवा कन्सोल घेतला. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रपाळीची असते, त्या आठवड्यात ओलितासाठी जागावेच लागते. वीज यायला दोन तास असताना कोणी चौकात पत्ते कुटतो, कोणी मोबाइलवर बोट फिरवत बसतो. मी त्या वेळात खेळतो. अख्खा ‘सुपर मारिओ’ 40 केबीत बसवलेला होता, आणि जागा पुरावी म्हणून त्यातले ढग आणि झुडपे एकाच चित्राची केलेली होती; आकाशात पांढरे, जमिनीवर हिरवे. आज शंभर जीबीचा खेळ नवलाचा राहिलेला नाही, आणि त्यात पाऊस पडून गेल्यावरच्या चिखलात उमटलेली पावले पाहून मी तितकाच हरखतो. जुने आवडते म्हणून नव्याला नावे ठेवावीत, किंवा नवे आले म्हणून जुन्याला हसावे, अशी सक्ती माझ्यावर कोणी करू नये.

मास्तर

आपले लेखन वाचनीय आहे. तरीही मूळ लेखकाची बाजू घेतल्यावाचून राहवत नाही. मी 34 वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात व्हिडिओ गेम खेळण्याच्या विकाराची नोंद आहे, ती उगीच नाही. माझ्या शेजारच्या मुलाने मोबाइलवरील खेळात बापाचे बियाण्याचे पैसे घालवले आणि त्या घराला त्या वर्षी दुकानातून उधारीवर पेरणी करावी लागली. आपण ढग आणि झुडपे पाहत आहात, मला ते घर दिसते.

राळेगावकर

मास्तर, त्या घराचे वाईट वाटते, पण आपण दोन वेगळी पिके एकाच पोत्यात भरत आहात. तो मुलगा पैसे लावून खेळत होता, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याची बंदी आहे ती तशाच ऑनलाइन खेळांवर. माझ्या कॅसेटीत पैसे जात नसत. ती एकदा घेतली की घेतली. मारिओने खड्ड्यात उडी मारली तर तोच मरत असे, सातबारा शाबूत राहत असे.

नागपूरकर

मूळ लेख मी लिहिलेला नाही, पण एक गोष्ट कोणी बोलायला तयार नाही म्हणून मी बोलतो. तुम्ही सगळे ज्या गोष्टीचे गोडवे गात आहात ती चोरी होती. कन्सोल नकली आणि कॅसेटीतले सगळे खेळ चोरलेले. ज्यांनी ते तयार केले त्यांना त्यातून दमडीही मिळाली नाही. पुढे प्लेस्टेशन 2 हा कन्सोल आला तेव्हा तोच प्रकार. दुकानात नकली डिस्का चालवणारी चिप बसवून घ्यायची आणि फुटपाथवरून 50 रुपयांच्या डिस्का आणायच्या. मी नोकरी लागल्यावर अस्सल खेळ पूर्ण किंमत मोजून घेतले, आणि मित्रांनी मला वेड्यात काढले. जन्मभराचा चाहता म्हणवून घ्यायचे असेल तर आधी हा हिशेब द्या.

पांढरं सोनं

आले शहरातून उपदेश! नागपूरकर साहेब, तुम्हाला ‘चोर बीटी’ ऐकून ठाऊक असेलच. तणनाशक सोसणारे ते कापसाचे वाण सरकारने मंजूर केलेले नाही, तरी निंदणाला मजूर मिळत नाहीत म्हणून कास्तकार ते लावतात. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरले. जे बाजारात सरळ मार्गाने मिळतच नाही, ते माणूस आडमार्गाने घेतो. 1994 साली राळेगावात अस्सल कॅसेट कोणत्या दुकानात मिळत होती, तेवढे सांगा; मग चोर कोण ते ठरवू.

नागपूरकर

वा, म्हणजे बियाण्याची चोरी दाखवून खेळाची चोरी धुऊन काढायची! चोर बीटीच्या पाकिटातून बोगस बियाणे निघाले की तुम्हीच कृषी कार्यालयासमोर बसता, कारण पावती नसते. तुमच्या 9999 खेळांचेही तेच झाले. पंधरा निघाले, आणि दाद कोणाकडे मागणार?

पांढरं सोनं

पावती नसलेल्याची थट्टा करू नका, भाऊ. माझ्या बापाने पावतीवर घेतलेले बियाणेही उगवले नव्हते, आणि ती पावती अजून कपाटात आहे. पाहिजे असेल तर फ्रेम करून पाठवतो.

राळेगावकर

बियाण्याची भांडणे वेगळ्या धाग्यावर न्यावीत, ही विनंती. चोरीचे म्हणाल तर मी नाकारत नाही. दहा वर्षांच्या पोराला नक्कल-अस्सल कळत नव्हते, पण चिपवाला प्लेस्टेशन 2 मी बाविसाव्या वर्षी घेतला आणि तेव्हा मला कळत होते. हे मान्य करून पुढचे विचारतो. ‘द क्रू’ नावाचा मोटारींचा खेळ लोकांनी पूर्ण पैसे मोजून घेतला होता. तो ज्यांच्या जोरावर चालत असे ते सर्व्हर, म्हणजे कंपनीकडचे संगणक, कंपनीने 31 मार्च 2024 रोजी बंद केले, आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही खेळ थांबला. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेने 2023 साली दाखवून दिले की तिथे 2010 पूर्वी आलेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. पावती घेणाऱ्याच्या घरातून विकलेला माल परत नेणे याला आपण काय नाव द्याल? माझी चोरीची कॅसेट मात्र गेल्या दिवाळीतही चालली.

नागपूरकर

त्याला मी लबाडी म्हणेन, आणि तुमच्या कृत्याला चोरी. दोन्ही शब्द एकाच शब्दकोशात सुखाने राहू शकतात. मात्र ‘द क्रू’ माझ्याकडेही होता, आणि त्या बाबतीत तुमचे म्हणणे बरोबर आहे, हे लिहिताना मला अजिबात आनंद होत नाही.

वर्धेची लेक

इतक्या वेळ वाचत होते. राळेगावकर दादा, तुमच्या लेखात ‘पोरे आत घुसत’ असे आहे. पोरी कुठे होत्या? मी सांगते. आमच्या घरी गेम आला तेव्हा माझ्या भावाच्या हाती पहिला रिमोट आणि माझ्या हाती दुसरा. आमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणेच नव्हती. त्यामुळे खेळ निवडायचा कोणी, सुरू करायचा कोणी आणि मी जिंकू लागले की मध्येच थांबवायचा कोणी, हे कारखान्यातच ठरून आले होते. शिवाय दोन मिनिटांनी चहा ठेवायला मीच उठायची. सासरी आल्यावर मुलाच्या कन्सोलवर मी पहिल्यांदा एकटीने एक अख्खा खेळ संपवला, तेव्हा माझे वय 38 होते. चोरी कोणी कोणाकडून केली याचा हिशेब लावणार असाल तर ही नोंदही वहीत घ्या.

राळेगावकर

ताई, माझी मामेबहीण दारात उभी राहून पाहत असे, आणि तिला रिमोट दिल्याचे मला आठवत नाही. यावर बचाव करण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

रेडिओवाला

तालुक्याला माझे दुरुस्तीचे दुकान आहे. चोरी, पावती हे मोठ्यांचे विषय. मी हातातून गेलेल्या वस्तूंचे सांगतो. आपल्याकडे भाव वाढेल या आशेने कापूस घरातच रचून ठेवतात आणि कन्सोलही त्याच खोलीत असतो. मागच्या महिन्यात एक नवा कन्सोल आला; चालू केला की दहा मिनिटांत तापून बंद पडायचा. उघडला तर पंख्याच्या पात्यांमध्ये आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांच्या फटींत रुईचा गादीसारखा थर बसलेला. चिमट्याने ओढला तेव्हा अख्खी पट्टी एकसंध निघाली. वात वळता आली असती. जुन्या गेमला पंखाच नव्हता, म्हणून त्याला कापसाचे भय नव्हते.

दुसरे असे की जुन्या गेमची, पडद्यावरची बदके टिपायची बंदूक घेऊन लोक येतात आणि बदके मरत नाहीत म्हणतात. बंदूक बिघडलेली नसते. तिच्यातून काही सुटत नाही, उलट तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीला त्याच क्षणी तो उजेड दिसला तर बदक पडते. जुन्या फुगीर पडद्याच्या टीव्हीवर चित्र ठरल्या वेळी उमटते. सपाट टीव्ही चित्र थोडे उशिरा दाखवतो, तोवर गेमने ‘नेम चुकला’ असे ठरवून टाकलेले असते. त्यामुळे बंदूक माझ्याकडे आणू नका, जुना टीव्ही शोधा.

वर्धेची लेक

म्हणजे पंचवीस वर्षांनी भावाकडून बंदूक मागून आणली आणि एकही बदक पडले नाही, तो दोष माझ्या नेमाचा नव्हता तर. मुलगा अजून हसतो आहे. त्याला हे वाचून दाखवते.

मास्तर

माझे मत बदललेले नाही. मुलांच्या हाती पुस्तक असावे असेच मी म्हणेन. तथापि रेडिओवाला यांनी बंदुकीचे जे वर्णन केले ते प्रकाशाच्या धड्याला उपयोगी पडले असते, आणि नोकरीत असताना ते मला कोणी सांगितले नाही याची खंत वाटते. धान्याच्या कोठीवर माझा फुगीर पडद्याचा टीव्ही पडून आहे, चित्र अजून स्वच्छ येते. वर्धेच्या ताईंना हवा असल्यास त्यांनी गाडी पाठवावी. टीव्ही जड आहे, दोन माणसे लागतील. मी तो खेळण्यासाठी देत आहे असा अर्थ मात्र कोणी काढू नये.