सामायिक अभ्यासक्रम: आधी सर्किट बोर्ड ठरवा, मग धडे

नागपुरातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकांनी इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम एकत्र आखताना आधी थिअरीचे धडे जुळवावेत, अशी एक सूचना आहे. माझ्या मते सुरुवात एसीपासून स्थिर 5 व्होल्ट डीसी देणाऱ्या एकाच प्रॅक्टिकल बोर्डापासून व्हावी: 0-12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजसाठी चार 1एन4007 डायोड, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 7805, म्हणजे व्होल्टेज 5 व्होल्टवर स्थिर ठेवणारा आयसी. कपॅसिटर 25 व्होल्टचाच घ्या. 12 व्होल्ट एसीचं शिखर जवळपास 17 व्होल्ट, लोड (वीज घेणारं काही) जोडलेला नसताना आणखी वर. 16 व्होल्टचा फुगतो.

परीक्षेतला फॉल्टही सगळीकडे एकच ठेवता येतो. ब्रिजमधल्या एका डायोडचा पाय उचला. कमी लोडवर मल्टिमीटर 5 व्होल्टच दाखवतो, पण कपॅसिटरवर ऑसिलोस्कोप लावला की रिपल, म्हणजे डीसीतला उरलेला चढउतार, 100 ऐवजी 50 हर्ट्झचा दिसतो. हे ज्याने पकडलं त्याला ब्रिज खरंच कळला.

उष्णतेचं गणित मात्र आपल्या मे महिन्यावर करून घ्या, 25 अंशांवर नको. हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीशिवाय) 7805 दर वॅटला खोलीच्या तापमानापेक्षा साधारण 65 अंश जास्त तापतो. 15 व्होल्ट इनपुट, 5 व्होल्ट आउटपुट, म्हणजे आयसीवर 10 व्होल्ट; 200 मिलिअँपिअरला 2 वॅट, म्हणजेच 130 अंशांची वाढ. त्यात खोलीचे 40 मिळवा. आयसी थर्मल शटडाउनमध्ये जातो, म्हणजे जास्त तापल्याने स्वतःच बंद होतो, आणि मुलं चांगलाच आयसी बदलत बसतात.