घाटात ब्रेक मऊ पडला: पोलोला मोठी डिस्क टाकावी का?

सी-503:
नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीत गाड्यांतलं कळणाऱ्यांना एक विचारायचं आहे. आमची पोलो 2014 ची, डिझेल, 15 इंची अलॉय. गेल्या रविवारी साताऱ्याहून येताना खंडाळ्याचा घाट उतरत होतो. गाडीत आई, बायको, पिल्लू आणि डिकीभर सामान. पूर्वी अमृतांजन पूल होता तिथून पुढे ब्रेकचं पेडल मऊ पडायला लागलं. एकदम खाली गेलं नाही, पण पाय जितका दाबत होतो तितकी गाडी अडेना. खालापूर टोलनाक्याच्या पुढे बाजूला घेतली तेव्हा पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. आईला काही बोललो नाही, पण हात थरथरत होते. मेकॅनिक म्हणतो, ऑक्टाव्हियाची मोठी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) आणि कॅलिपर (तिला दोन पॅडच्या चिमटीत दाबणारा भाग) टाकून देतो, कंपनीचाच माल आहे, सरळ बसतो. पुढच्या महिन्यात परत जायचंय. करू का?

ए-1104:
बिनधास्त कर. डिस्क जेवढी मोठी तेवढी गाडी लवकर थांबते. माझ्या भावाने केलंय.

बी-204:
घाईत करू नकोस. माझा अनुभव आहे, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

ए-702:
अरे, विचारलंस ते फार चांगलं केलंस. माझी अठ्ठावीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक उघडण्यात गेली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो, शांतपणे वाच.

आधी एक सांग. पेडल मऊ पडलं, की पेडल घट्ट होतं आणि तरी गाडी अडत नव्हती? हे दोन वेगळे आजार आहेत. पॅड फार तापले की त्यांची पकड जाते, तेव्हा पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी मात्र पुढे सरकत राहते. पेडल स्पंजासारखं दबतं तेव्हा गोष्ट वेगळी असते. कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुझा पाय वाफ दाबत होता.

सी-503:
मऊच होतं काका. स्पंज हाच शब्द.

ए-702:
मग ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस? वर ओतलंस ते नको सांगू, सगळं काढून नवीन कधी भरलंस?

सी-503:
सगळं कधीच नाही. सर्व्हिसिंगवाले बघतात असं वाटत होतं.

ए-702:
इथेच सापडलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्या मुंबईच्या हवेत त्याला कमतरता नाही. नवं कोरडं डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळायला नको, हा नियम आहे. तेच पाणी प्यायलेलं असलं की 155 पर्यंत न उकळता टिकलं तरी चालतं. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुझ्या गाडीत किती वर्षांचं मुरलंय ते बघ.

आता घाटाचा हिशेब. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, खोपोली साठेक मीटरवर. नुसते 500 मीटर धरले तरी गाडीला तेवढं खाली आणताना जी शक्ती जिरवावी लागते ती ताशी 80 वरून 20 वेळा पूर्ण थांबण्याइतकी होते, आणि मधे गार व्हायला सवड नाही. गाडी रिकामी असो की भरलेली, हा वीसचा आकडा तोच राहतो. भरलेल्या गाडीत प्रत्येक वेळची उष्णता तेवढी वाढते. काही भाग हवा आणि इंजिन घेतं. तू चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये उतरत असशील तर इंजिनचा वाटाही ब्रेकने उचलला. कुठल्या गिअरमध्ये होतास?

सी-503:
चौथा. कधी पाचवा.

ए-702:
बरं. पुढच्या वेळी दुसरा नाही तर तिसरा. आवाज चढला तरी घाबरायचं नाही.

ए-1104:
काका, पण मोठ्या डिस्कने लवकर थांबत नाही का मग?

ए-702:
तुझी शंका रास्त आहे, बहुतेकांना तसंच वाटतं. गाडी शेवटी टायरने रस्ता धरला म्हणून थांबते. आत्ताच्या ब्रेकने जोरात दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली टकटक करायला लागतं का? लागत असेल तर ब्रेककडे टायरपेक्षा जास्त जोर आधीच आहे. डिस्क मोठी केलीस तरी त्या एका थांबण्यात फरक पडणार नाही. चांगल्या कोरड्या डांबरावर 80 वरून साधारण 32 मीटर लागतात. पावसात गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर तेच 63 होतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी 22 मीटर गेलेले असतात. जुलैतल्या ईस्टर्न एक्सप्रेसवर तुला वाचवतील ते टायर आणि पुढच्या गाडीपासून ठेवलेलं अंतर.

मोठी डिस्क कामाची आहे ती उष्णतेसाठी. लोखंड जास्त, म्हणून तापायला वेळ लागतो. हवा लागायला जागा जास्त, म्हणून लवकर निवते. वर त्रिज्या वाढल्याने तेवढ्याच दाबाला थोडा जास्त जोर मिळतो. म्हणजे साताऱ्याला दर महिन्याला जाणाऱ्या कुटुंबाने ती टाकावी की नाही? माझं मत, टाकावी. पण आधी आहे ते ब्रेक जसे हवेत तसे करून. आजारी ब्रेकवर मोठी डिस्क चढवली की आजार झाकला जातो, जात नाही.

सेक्रेटरी:
चर्चा चांगली आहे, चालू द्या. पार्किंगमध्ये काही उघडणार असाल तर एक विनंती. ब्रेक ऑइलने गाड्यांचा रंग जातो, शेजारच्या गाडीवर थेंबही नको. खाली ट्रे ठेवा. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणी खाली हात घालू नये, घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लावा. मागच्या वर्षी आपल्याच आवारात जॅक सरकला होता.

बी-204:
आता लिहिते. 2019 मध्ये माझ्या आधीच्या गाडीला कंपनीच्याच वरच्या मॉडेलच्या डिस्क आणि कॅलिपर बसवून घेतले. ब्रेक खरंच छान झाले, त्याबद्दल तक्रार नाही. ऑगस्टमध्ये नाशिकहून येताना कसाऱ्याच्या घाटात रात्री साडेअकराला पंक्चर झालं, टायर फाटलाच. मोठ्या मुलीने मोबाइलचा उजेड धरला, मी स्टेपनी चढवली, नट आवळले, चाक हाताने फिरवलं तर फिरेना. स्टेपनी 14 इंची लोखंडी रिमची होती आणि आतून कॅलिपरला टेकत होती. गॅरेजवाल्याने अलॉयमध्ये बसतंय एवढंच पाहिलं होतं, स्टेपनीचं नाव काढलं नव्हतं. शेवटी मागचं चांगलं चाक पुढे घेतलं आणि स्टेपनी मागे लावली, मागे ड्रम असल्याने बसली. पावसात दोन चाकं काढायची, बाजूने ट्रक जाताहेत, मुली रडताहेत. ती रात्र मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, पैसे देण्याआधी स्टेपनी लावून बघ.

सी-503:
वहिनी, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. माझीही स्टेपनी 14 चीच आहे.

ए-702:
अगदी बरोबर सांगितलं. आणि ही दुसरी गोष्ट लिहून घे. नुसतं "ऑक्टाव्हियाची डिस्क" असं मागू नकोस. आपल्याकडे 2001 मध्ये आलेली पहिली ऑक्टाव्हिया आणि तुझी पोलो, दोन्हींच्या पाच नटांचं वर्तुळ 100 मिमीचं. त्यानंतरच्या पिढीची ऑक्टाव्हिया आपल्याकडे लॉरा नावाने आली, तिचं 112 चं. लॉराची डिस्क दिसायला तशीच, पण तुझ्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, बसणार नाही. कोणी भोकं वाढवून देतो म्हणाला तर तिथून निघायचं.

या घराण्याच्या (फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी) गाड्यांत पुढच्या डिस्क 256, 280, 288, 312 मिमी व्यासाच्या अशा पायऱ्यांनी येतात. परदेशात चौथ्या पिढीच्या गोल्फवाल्यांनी याचा मोठा फायदा घेतला. 288 च्या डिस्कचा कॅलिपर तोच ठेवायचा, त्याला ऑडी टीटीचा कॅरियर (कॅलिपर धरणारं ब्रॅकेट) लावायचा आणि 312 ची डिस्क टाकायची. पॅड दाबणारा पिस्टन तोच, पॅड तेच, कॅलिपर फक्त 12 मिमी बाहेर सरकतो. त्याने साधारण दहावा हिस्सा जोर वाढतो आणि पेडलचा प्रवास बदलत नाही. कंपनीचे भाग वापरण्यातलं शहाणपण ते हेच. पिस्टन मोठा असलेला कॅलिपर घेतलास तर पेडलमागचा, ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच असल्याने पेडल खोल जाईल. पिस्टनचा व्यास विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

तुझा आत्ताचा कॅलिपर थेट नकलवर (हब धरणारा लोखंडी भाग) बसतो की मधे कॅरियर आहे, तेही पाहून घे. थेट बसत असेल आणि नवा कॅरियरवाला असेल तर भोकांमधलं अंतर जुळत नाही, मग नकलही बदलावा लागतो आणि "सरळ बसतो" हे खोटं ठरतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना कॅलिपर मिळेल. सीलचा सेट नवा टाकून तो चालेल. डिस्क, पॅड आणि रबरी होज मात्र नवेच, आणि दोन्ही बाजूंना एकदमच.

डी-301:
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. ब्रेकला हात लावण्याआधी विमा कंपनीला मेल टाक, काय बदलतोय ते भागांच्या नंबरसह लिही आणि उत्तर जपून ठेव. भागांची बिलंही. अपघातानंतर हे कागद शोधायची वेळ येऊ नये.

सी-503 (रविवार संध्याकाळ):
काकांच्या देखरेखीखाली आज पुढची दोन्ही चाकं काढली. ब्लीडरमधून (कॅलिपरवरचा ऑइल काढायचा नट) जे ऑइल आलं ते कटिंग चहाच्या रंगाचं होतं, आणि तळाशी काळा गाळ. उजवीकडचे पॅड सारखे झिजलेले होते. डावीकडचा आतला पॅड जवळजवळ पत्र्याला टेकलेला, बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. काकांनी कॅलिपर हाताने हलवायला सांगितलं तर हलेना. सरकत्या पिनेवरचं रबर फाटलेलं, आत पाणी शिरून पिन गंजलेली. म्हणजे डावं चाक एकाच पॅडवर काम करत होतं आणि तो सतत घासत होता, वास त्याचाच. डिस्क 256 ची भरली. कडेला कोरलेल्या किमान जाडीच्या ती अजून वर आहे.

ए-702:
गेल्या पावसाळ्यात पाण्यातून काढली होतीस ना गाडी?

सी-503:
हो, हिंदमाताला. चाकं निम्मी बुडली होती.

ए-702:
तिथेच पाणी शिरलं. सगळ्यांसाठी सांगतो, पाण्यातून गाडी काढली की पुढे शंभरेक मीटर हळू चालवत पेडलला हलका पाय ठेवा, डिस्क आणि मागचे ड्रम कोरडे होतात. आणि पावसाळा संपला की पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावून घ्या. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

सी-503:
पिना, रबर, दोन्ही बाजूंचे पॅड नवे. ऑइल सगळं काढून डॉट 4, सीलबंद डब्यातलं. उद्या पहाटे पाचला रस्ता मोकळा असताना गाडी चालवून नवे पॅड डिस्कवर घासून बसवून घेतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे 60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, आणि मग ब्रेक न लावता गार होईपर्यंत चालवणार.

ए-1104:
आणि मोठी डिस्क?

सी-503:
288 च्या कॅलिपरचं माप घेऊन काकांनी पुठ्ठा कापला, चाकाच्या मधोमध धरून रिमच्या आतून फिरवायचा तसा. अलॉयमध्ये मोकळा फिरला, बोट जाईल एवढी फट राहिली. स्टेपनीत लगेच अडकला, वहिनी म्हणाल्या तसाच. 15 ची लोखंडी रिम शोधतोय, ती डिकीत आली आणि विमावाल्यांचं उत्तर आलं की मग नकल आणि कॅरियर बघणार. पुढच्या महिन्यात साताऱ्याला याच ब्रेकवर जातोय, घाट दुसऱ्या गिअरमध्ये. काका, शनिवारी निघण्याआधी एकदा पेडल दाबून बघायला खाली याल का?

ए-702:
सहाला येतो. गाडी बाहेर काढून ठेव.