समाजाच्या पैशातून डीएनए चाचणी? माझा विरोध

गिरणाकाठ: आमच्या समाजाच्या बैठकीत ठराव येतोय. वर्गणी काढून पंचवीस घरांची डीएनए चाचणी करायची, म्हणजे आपण गुजरातहून आलो की राजस्थानातून, ते एकदाचं ठरेल. मला हे पटत नाही. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. बापाकडून मुलाला मिळणारं वाय गुणसूत्र त्यातल्या एका पुरुषाची वाट दाखवतं, आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए एका बाईची. बाकीच्यांचं काय? कंपनी तुमचा नमुना आजच्या लोकांशी ताडून पाहते, चारशे वर्षांपूर्वीची बैलगाडी कुठून निघाली ते तिला कुठून कळणार!

रावेरकर: भाऊ, जातीचा ठसा जनुकांत असतोच. २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून जास्त समाज तपासले. ८१ समाजांत हा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी (युरोपातल्या) ज्यूंपेक्षाही ठळक निघाला. वंशावळ लिहून ठेवणाऱ्या भाटाची वही चालते, मग विज्ञान का नको?

गिरणाकाठ: त्या ठशाचा अर्थ एवढाच, की मोजक्या पूर्वजांपासून समाज वाढला आणि पिढ्यानपिढ्या आपापसांतच सोयरीक झाली. त्यातून आनुवंशिक आजारांचा माग लागतो, मूळ गावाचा नाही. शिवाय २०१३ च्या संशोधनानुसार साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतात जवळपास सगळेच एकमेकांत मिसळले. भिल्लसुद्धा. जातीबाहेर लग्न न करण्याची शिस्त त्यानंतरची.

सातपुडा_नंदुरबार: हाई बात खरी शे भो. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी ऐकू येतो. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक. एकाच पालकाकडून आला तर मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून बऱ्यापैकी संरक्षण, म्हणूनच तो जंगलपट्टीत टिकला. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. वर्गणी काढायचीच तर लग्नाआधीच्या रक्ततपासणीला काढा. कुंडली जुळवतो, रक्त कोण बघतो?

चोपडा_७: हे सगळं आर्य बाहेरून आले म्हणणाऱ्यांचं चालू आहे. २०१९ ला हरियाणातल्या राखीगढीनं, सिंधू संस्कृतीच्या त्या जुन्या शहरानं, निकाल लावला, आपण इथलेच.

गिरणाकाठ: राखीगढीत एकाच बाईच्या सांगाड्यातून वाचण्याजोगा डीएनए मिळाला. तिच्यात मध्य आशियाकडच्या गवताळ स्टेपी प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता, आज तो बहुतेक भारतीयांत कमी-जास्त आहे. म्हणजे तो नंतर आला. त्याच सुमारास ५२३ प्राचीन माणसांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला, त्याचा निष्कर्षही हाच. "इथलेच" आणि "बाहेरचे" दोन्ही आपल्याच अंगात आहेत, भांडायचं कुणाशी?

चाळीसगाव_मास्तर: आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणे गावी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. ते घालणारे कोणत्या जातीचे? आपल्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए टिकणं मुश्कील, त्यामुळे चाचणीवाल्यांकडे याचं उत्तर नाही. पोरांना आधी तिथे न्या.

रावेरकर: मास्तर, मणी बघून येऊ. पण वहीतल्या नोंदी खऱ्या की खोट्या हे मला जाणून घ्यायचंय, आणि माझी वर्गणी मी भरलीय. रविवारी हात वर करणार.